खडिकावरून दिसणारं वळण

आमच्या फ्रीजमध्ये, इतरांच्या घरी जिथे अंडी असतात त्या कप्प्यात, सध्या श्रीखंडाची एक रिकामी डबी आहे. डबीत ओली वाळू आहे आणि वाळूत वाटाण्याहून लहान अशा काही बिया आहेत. डबीवर मी ठळक अक्षरांत लिहिलं आहे : ‘खाऊ नये. फेकू नये. विचारू नये.’ त्याखाली माझ्या पत्नीने, नीलाने, पेन्सिलीने लिहिलं आहे : ‘किती दिवस, ते तरी सांगावे.’

तीन महिने. या बियांना तीन महिने थंडी लागते, त्याशिवाय त्या उगवायचं मनावरच घेत नाहीत. आणि पुण्याच्या थंडीला त्या थंडी मानत नाहीत. बिया माझ्या ताईच्या दारातल्या खडीक नावाच्या झाडाच्या आहेत. ताईचं दार गढवालात, कोटद्वारच्या वर, जीपने चार तास आणि पायी अर्धा तास इतक्या उंचीवर आहे. तिथे जायला मला पस्तीस वर्षं लागली.

ते आधी सांगायला हवं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्नाआधी ती खडकवासल्याला अकादमीच्या ग्रंथालयात नोकरी करायची. रोज सकाळी नारायण पेठेतून डबा घेऊन बसने जायची. तिथे कवायत शिकवणारे एक हवालदार होते, नेगी नावाचे. कवायतीचा माणूस आठवड्यातून तीनदा पुस्तक बदलायला का येतो, हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नाही, कारण आमच्या घरात सगळ्यांनाच वाचनाची आवड. एके दिवशी ताईने सांगितलं, मी लग्न करते आहे. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, वर्तमानपत्र बाजूला ठेवलं नाही, नुसतं खाली केलं. ताई गेली.

अण्णांचा राग दोन वर्षांत गेला. माझा आळस मात्र पस्तीस वर्षं टिकला. ताई तीनदा पुण्याला येऊन गेली : माझ्या लग्नाला, अण्णा गेले तेव्हा आणि आई गेली तेव्हा. आम्ही तिच्याकडे ‘एकदा नक्की’ येणार होतो. नेगीसाहेबांना मी कधी दाजी म्हटलं नाही, नेगीसाहेबच म्हणत राहिलो. आणि दोन वर्षांपूर्वी तेही गेले. त्यांचा मुलगा सैन्यात, पार पूर्वेकडे. ताई त्या गावात एकटी, एक म्हैस आणि एक झाड.

आमच्याकडे मुक्ताची खोली रिकामी होती. मुक्ता आमची मुलगी, ती अमेरिकेत. तेव्हा मी ठरवलं की ताईला पुण्याला आणायचं. कायमचं.

फोनवर ती म्हणाली होती, “इकडे चैतात भाऊ येतात रे बहिणीला भेटायला. भिटौली म्हणतात त्याला. माहेरचं काहीबाही घेऊन येतात. यंदा तू ये.”

“चैत्रात नक्की,” मी म्हटलं. “तारीख सांगत नाही. एके दिवशी दारातच उभा राहीन.”

मला लोकांना चकित करायची फार हौस आहे.

चैत्र शुद्ध पंचमी, पुणे

आदल्या वर्षी अधिक महिना येऊन गेल्यामुळे यंदा पाडवा उशिरा आला. गुढी उभारून झाली, तृतीयेला गौर बसली. आमच्याकडे देवातल्या पितळी अन्नपूर्णेला घासूनपुसून छोट्या पाळण्यात बसवतात. ती महिनाभर माहेरपणाला आलेली असते, म्हणून तिला कैरीची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी. माहेरवाशिणीला घरात एकटं टाकून जायचं नसतं, त्यामुळे नीला येऊ शकत नव्हती. मी एकट्यानेच निघायचं ठरलं.

मंडईत कैऱ्या घ्यायला मात्र ती आली. एक एक कैरी कानाशी नेऊन हलवून बघत होती.

“काकू, आंबा आहे तो, नारळ नाही,” भाजीवाला म्हणाला.

“लांब न्यायच्यात. गढवालला.”

“तिकडे कैऱ्या नाहीत?”

“तिकडे नणंद आहे.”

भाजीवाल्याने मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या दोन कैऱ्या काढून घेतल्या आणि म्हणाला, “मग तुम्ही निवडू नका. वहिनींनाच निवडू द्या.”

नीलाने डझनभर निवडल्या. शिवाय हरभऱ्याची डाळ, हिंगाची डबी आणि ताईसाठी मोरपंखी काठाची पिवळी सुती साडी.

सप्तमी, कोटद्वार ते गाव

मधल्या दीड दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की रेल्वेत मी कैऱ्यांची पिशवी उशाला घेतली होती. कोटद्वारला उघडून पाहिली तर बारातल्या दोनच कैऱ्या डाळ करण्याच्या स्थितीत होत्या, बाकीच्यांची चटणी आधीच झालेली होती. आणि समोर कोटद्वारच्या बाजारात कैऱ्यांचे ढीग लागलेले! तरीही मी तिथून एकही घेतली नाही. पुण्याची कैरी ती पुण्याची कैरी. माझ्यासारख्या माणसांमुळेच आमच्या गावाची ख्याती आहे.

जीप चढायला लागली. आधी सालाची झाडं, मग चिडाची, म्हणजे पाइनची. खाली नयार नदी हिरवी आणि अंग चोरून वाहणारी. डोंगराला जिन्यासारखी शेतं, त्यांत गहू पिवळा पडायला लागलेला. जिथे जीप थांबे तिथे एक पक्षी घुमत असे. नीट पाहिलं तर आपला होलाच. जीपमधल्या बाई म्हणाल्या, ही घुघुती. चैतात हिचा आवाज ऐकला की सासुरवाशिणींना माहेर आठवतं. आमच्या नारायण पेठेत होले एसीच्या जाळीवर बसून हेच घुमतात आणि आम्हाला फक्त एसी साफ करायचं आठवतं.

एका वळणावर जीपने मला उतरवलं. वर पायवाट. निम्म्या वाटेत धाप लागून मी दगडावर बसलो, तर वरून एक बाई आल्या. सत्तरीच्या, डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा. त्या ताईच्या शेजारीण, बिमलादीदी, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला टाचेपासून टकलापर्यंत पाहिलं.

“पुणेवाले भैजी?”

“जी हां.” ओळख इतकी लांबवर पोचलेली पाहून मला बरं वाटलं.

“चैत तो गया, भैजी. परसों गया.”

“नहीं नहीं,” मी म्हटलं, “चैत्र चालू है. आज सप्तमी. अभी तो तीन हफ्ते बाकी.”

“आपके यहाँ होगा. यहाँ बैसाख लग गया.”

आता इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. मी मोबाइल काढून पंचांग उघडलं. डोक्यावर भारा आणि कमरेला विळा असलेल्या बाईंना मी चैत्र शुद्ध सप्तमी दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली. मग मोबाइलकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाल्या, “वो तो पूरा महीना बैठी रही.” आणि भारा सावरत उतरून गेल्या.

कोण बसून राहिलं, हे समजायला मला फारसा वेळ लागला नाही. उरलेली वाट त्यामुळे जास्त चढाची झाली. आपला महिना चंद्रावर चालतो, अमावास्येला संपतो. डोंगरातला सूर्यावर चालतो, संक्रांतीला संपतो. ती संक्रांत मी रेल्वेत कैऱ्यांवर डोकं ठेवून झोपलो होतो तेव्हा झाली. मी चैत्राला वेळेवर निघालो होतो आणि चैताला दोन दिवस चुकलो होतो.

ताई अंगणात म्हशीला पाणी दाखवत होती. एकसष्ट वर्षांची, सडसडीत, डोक्याला रुमाल. मला पाहून तिने बादली खाली ठेवली.

“बस चुकली वाटतं.”

“नाही, जीप अगदी वेळेवर मिळाली.”

“यंदाची नाही म्हणत मी,” ताई म्हणाली. “ये. पाय धू.”

पस्तीस वर्षं बाहेर राहूनही तिचं मराठी जसंच्या तसं होतं. उलट आमचंच बदललं आहे. तिने मला ‘अगोचर’ म्हटलं तेव्हा आईनंतर प्रथमच कुणीतरी तो शब्द माझ्यासाठी वापरला आणि मला एकदम दहा वर्षांचा झाल्यासारखं वाटलं.

चहाबरोबर तिने एक डबा पुढे केला. तळाला पाच-सहा अनारसे होते. तिकडेही तांदूळ-गुळाचा असाच पदार्थ करतात, त्याला अरसा म्हणतात. पण हे आपले होते, चपटे, जाळीदार, एका अंगाला खसखस लावलेले. मी चार खाल्ले.

“आईच्या हातचे आहेत ग हे! कुठून आले?”

“पुण्याहून,” ताई म्हणाली.

मी मोठ्याने हसलो. ती हसली नाही, पण ताई विनोद करून कधीच हसत नाही.

अष्टमी, झाडावर

ताईच्या घरी मोबाइल चालतो, पण फक्त खडिकावर. झाड अंगणाच्या कडेला, शेताच्या बांधावर आहे. राखाडी, गुळगुळीत खोड, हत्तीच्या पायासारखं. दरवर्षी पाल्यासाठी फांद्या छाटल्याने जागोजाग गाठी आलेल्या, त्यामुळे चढायला पायऱ्या आयत्या. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एक बेचका आहे, तिथे उभं राहिलं की सिग्नल येतो. गावातले लोक महत्त्वाची बोलणी तिथे उभं राहून करतात.

“जा, पण पाल्याला हात लावू नकोस,” ताईने बजावलं. “कोवळी पालवी आहे. आता महिनाभर कुणी तोडत नाही.”

मी बेचक्यात पोचलो. चौपन्न वर्षं आणि सहकारी बँकेतली तीस वर्षं बसून केलेली नोकरी लक्षात घेता हे थोडं नाही. पँट एके ठिकाणी उसवली, पण ते ठिकाण मागे होतं. मुक्ताला फोन लावला.

“बाबा, तुम्ही झाडावर आहात?”

“सिग्नलसाठी.”

“थांबा, थांबा. पान दाखवा जवळून. देठापाशी.”

मी न तोडता पान वाकवून दाखवलं. देठाशी ते तिरकं होतं, एक बाजू वर आणि एक खाली, जणू शिंप्याने घाईत कापलेलं. देठापासून तीन शिरा निघालेल्या.

“बाबा, माझ्या खिडकीबाहेर हेच झाड आहे! म्हणजे हेच नाही, याचा भाऊ. इथे हॅकबेरी म्हणतात. त्याच्या खोडाला चामखिळी असतात.”

मग पुढची दहा मिनिटं अमेरिकेतून माझ्या मुलीने मला मी ज्या झाडावर उभा होतो त्याची माहिती सांगितली. याचे नातेवाईक म्हणे जगभर पसरलेत. जपानात जुन्या रस्त्यांवर ठराविक अंतरावर मातीचे उंचवटे करून त्यांवर हे झाड लावायचे, म्हणजे वाटसरूला कळावं की किती आलो, किती राहिलं. दक्षिण युरोपात याच्या लवचीक लाकडाचे चाबकाचे दांडे करतात. ग्रीकांची एक जुनी गोष्ट आहे : एक फळ खाऊन खलाशी घरी परतायचंच विसरून गेले. ते फळ याचंच असावं असं काही लोक मानतात.

“आणि आपल्याकडे?” मी आशेने विचारलं. “सह्याद्रीत?”

“आहे ना. एक आहे. त्याचं लाकूड कापलं की भयंकर घाण वास येतो. नरक्या ऊद म्हणतात त्याला.”

म्हणजे मुलीच्या खिडकीशी एक, बहिणीच्या दाराशी एक, आणि मधल्या माणसाच्या वाट्याला हे. मुक्ता खूप हसली. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही इकडे कधी येताय?”

“एकदा नक्की,” मी म्हटलं, आणि आपण काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं.

फोन संपल्यावर मी लगेच उतरलो नाही. वर अजून एक जाड आडवी फांदी होती. तिच्यावरची साल पायाने घासून घासून तुकतुकीत झाली होती, म्हणून गेलो वर. पानांच्या फटीतून खाली सगळी दरी दिसली, नदी दिसली, आणि नेमकं ते वळण दिसलं जिथे जीपने मला सोडलं होतं. एक बस आली, थांबली, दोन माणसं उतरली, बस गेली. इतक्या लांबून माणसं तिळाएवढी, पण पुरुष की बाई ते कळत होतं.

“तुमची दीदी इथेच उभी राहायची,” खालून आवाज आला. बिमलादीदी बांधावर उभ्या होत्या. त्यांची हिंदी माझ्या मराठीत सांगतो. “पहिल्या चैतात आम्ही हसलो. शहरातली सून, चार दिवसांत झाडावर चढायला शिकली. म्हटलं, पाला काढायची हौस दिसते. पण चैतात पाला काढतच नाहीत. आणि ही रोज वर.”

मी फांदी घट्ट धरली.

“महिना संपायला आला की एक दिवस डबा घेऊन घरोघर यायची. म्हणायची, भावाला सुट्टी मिळाली नाही, पण पार्सल आलं. पुण्याचे अरसे. पोरं वाट बघायची पुणेवाल्या अरशांची. दरवर्षी. एक चैत चुकवला नाही तिने.”

“आणि तुम्हाला खरं वाटायचं?”

“भैजी, आमची भिंत एक आहे. तळणीचा वास इकडे येतो.”

“मग कुणी काही बोललं नाही?”

“काय बोलायचं? गोड होते.”

घुघुती तेवढी घुमत होती.

“यंदा तिने सगळ्यांना सांगितलं, डबा नाही, भाऊच येणार आहे. गुडघा धरतो म्हणून आता इतक्या वर चढवत नाही, तर झाडाखाली खुर्ची टाकून बसायची. शेवटच्या दिवशीची दुपारची बस गेली. मग उठली आणि कढई चढवली.”

“पण त्याचे तांदूळ तर तीन दिवस आधीपासून भिजवून...”

“पीठ तयारच होतं,” बिमलादीदी म्हणाल्या. “ती तुमची बहीण आहे. तिला तुम्ही ठाऊक आहात.”

मला खाली उतरायला बराच वेळ लागला. त्याला शरीर हे एकच कारण नव्हतं. पस्तीस चैत्र आम्ही नारायण पेठेत पितळी गौरीला पाळण्यात बसवून ‘माहेरी आली हो’ म्हणत डाळ खात होतो.

संध्याकाळी ताईने गहतची डाळ आणि मंडुव्याच्या भाकरी केल्या. म्हणजे आपले कुळीथ आणि आपली नाचणी, फक्त नावं बदलून सासरी आलेले. सोबत भांगेच्या बियांची चटणी. ती खाऊन काही होत नाही, असं ताईने दोनदा सांगितलं, तरी मी बेतानेच घेतली.

मी अनारशांचं काही बोललो नाही. तिला नको असलेलं उघड करणारा मी कोण? बोलायचं म्हणून मुक्ताची ग्रीक गोष्ट सांगितली : खडिकाचं फळ खाऊन घर विसरलेले खलाशी.

ताईने फळीवरून एक बरणी काढली. गेल्या शरदातली फळं, वाळून काळी पडलेली. एक तिने तोंडात टाकलं, एक मला दिलं. नुसतं साल आणि बी, मधे बोटभर नव्हे, नखभर गोडी. खजुराची चुलतबहीण म्हणावी अशी.

“पस्तीस वर्षं खाते आहे. पोत्याने खाल्ली असतील,” ती म्हणाली. “सांग बघू, आपल्या जुन्या जिन्याला किती पायऱ्या होत्या?”

मी त्या जिन्यावरून, इमारत पाडून नवी बांधेपर्यंत, रोज चढलो-उतरलो होतो. मला आठवेना.

“बावीस. तिसरी हलायची.” तिने बी हातावर काढली. “तू कुठली फळं खातोस रे?”

मग मी माझं घोडं पुढे दामटलं. मुक्ताच्या खोलीचं वर्णन केलं, लिफ्ट सांगितली, जवळचे दवाखाने सांगितले, गुडघ्याचे डॉक्टर सांगितले. म्हटलं, “ताई, पुण्याला चल. कायमची.”

ती चुलीतली लाकडं मागे ओढत होती. “गौर किती दिवस ठेवता रे अजून? अक्षय्य तृतीयेपर्यंतच ना?”

“हो. महिनाभर.”

“कायमची का नाही ठेवत?”

मी ताटातली भाकरी मोडत राहिलो.

“कायमची ठेवलीत तर तिलाही भांडी घासावी लागतील. कोण डाळ वाटणार तिच्यासाठी?” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला न्यायला काय येतोस, वेड्या? मला भेटायला ये ना. इतकंच तर हवं होतं.”

चुलीचा धूर फार झाला होता. आम्ही दोघांनीही तसंच म्हटलं.

रामनवमी, घरोघर

सकाळी मी जाहीर केलं की पुण्यात अजून चैत्र आहे, तेव्हा माझी भिटौली मी आज देणार. ताई म्हणाली, “लोक हसतील.” मी म्हटलं, “हसू देत. काल मला झाडावरून उतरताना पाहून हसलेच आहेत.”

दोन कैऱ्या उरल्या होत्या. ताईने डाळ भिजवली होती, पाट्यावर भरड वाटली. कैरी किसायचं काम माझ्याकडे. नीलाच्या हिंगाची फोडणी पडली तेव्हा ताई कढल्याशी वाकून क्षणभर तशीच राहिली. मग म्हणाली, “मोहरी जळते आहे, हल.”

पिवळी साडी तिने नेसली नाही. घडी तशीच खांद्यावर टाकून निघाली. पुढे मी, हातात पातेलं. अकरा घरं. प्रत्येक दारात मी पळसाच्या पानावर दोन चमचे डाळ वाढायचो आणि पाठ केलेलं वाक्य म्हणायचो, “मेरी दीदी की भिटौली. देर हो गई.” कुणी म्हणालं नाही की बैसाख लागला. एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र विचारलं, “देर? कितनी?” आणि त्यांच्या सुनेने घाईघाईने त्यांना आत नेलं.

शेवटचं दार बिमलादीदींचं. त्यांनी डाळ चाखली. आंबटाने एक डोळा मिटला.

“कैसी है?” मी विचारलं.

“अरसे अच्छे आते हैं पुणे से,” त्या म्हणाल्या.

ताईने मान खाली घातली. मला वाटलं आता रडते, तर तिचे खांदे हसण्याने हलत होते. बिमलादीदींनी आतून ओल्या हळदीची वाटी आणली. तिकडे पाहुण्याला आणि माहेरवाशिणीला कपाळावर हळद-तांदूळ लावतात, त्याला पिठाई म्हणतात. आधी माझ्या कपाळाला लावली. मग ताईच्या. ती मागे सरकली. नेगीसाहेब गेल्यापासून तिने कुणाला लावू दिली नव्हती.

“ती बायकोची नाही, बहिणीची आहे,” अशा अर्थाचं काहीतरी बिमलादीदी गढवालीत म्हणाल्या आणि तिची हनुवटी धरून लावून टाकली.

दशमी, वळण

निघताना ताईने वाळलेल्या फळांची पुडी दिली. म्हणाली, “रुजलं तर बघ. पुण्यात येणार नाही बहुतेक.” बिमलादीदींनी मंडुव्याचं पीठ दिलं, शिवाय माझी पँट शिवून दिली. ताईला मी वळणापर्यंत येऊ दिलं नाही. गुडघ्याचं कारण पुढे केलं. खरं म्हणजे बसपाशी तिला एकटी सोडून आपण निघून जायचं, हे मला जमलं नसतं.

उतरून आलो. दुपारची बस मिळाली, खिडकी मिळाली. बस सुटतेय तोच फोन वाजला. ताई.

फोन लागला म्हणजे ती कुठे आहे हे कळायला पंचांग नको होतं.

“ताई! गुडघा!”

“ओरडू नकोस. बेचक्यातच आहे. बिमलादीदी खाली उभ्या आहेत धरून. डावीकडे वर बघ. दिसते का?”

मी खिडकीतून मान बाहेर काढली. डोंगरभर नवी पालवी. त्यात खडीक कुठला, ओक कुठला, काही कळेना. मग एका ठिकाणी पिवळं काहीतरी हललं. मोरपंखी काठ इतक्या लांबून दिसत नाही, पण पिवळं दिसलं.

“दिसतेस,” मी म्हटलं.

“मलाही दिसतोस. म्हणजे बस दिसते.” तिला धाप लागली होती. “पुढच्या वर्षी आमच्या चैतात यायचं. मीन संक्रांत ते मेष संक्रांत. लिहून ठेव. तुझ्या पंचांगात कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं.”

“लिहितो. आणि नीलाला अनारसे करायला सांगतो. खरे पुण्याचे.”

“ते नको आणूस,” ताई म्हणाली. “चव वेगळी लागेल. सगळ्यांना कळेल.”

“ताई... सगळ्यांना माहीत आहे.”

“ते मला माहीत आहे रे.” बस वळायला लागली. तिचा आवाज तुटत तुटत येत होता. “डबा मी करीन. तू रिकामा ये. फक्त...”

वळण संपलं, झाड गेलं, फोन बंद झाला. पुढचा शब्द ऐकू आला नाही. ऐकायची गरजही नव्हती.